पेरीचं पदक आणि जपानी वकिलातीचं पदक, हातात घेता येतील असे: कामाच्या नोंदी

११ जानेवारी, शनिवार

जागा मिळाली. फिलाडेल्फियाजवळच्या आमच्या उपनगरातल्या वाचनालयाने २९ मार्चपासून दोन आठवडे एक काचेचं कपाट आणि एक टेबल द्यायचं कबूल केलं आहे. कपाटात दोन मूळ पदकं राहतील. टेबलावर त्यांच्या प्रतिकृती असतील, त्या कोणीही उचलायच्या, उलटसुलट करायच्या, बोटांनी चाचपायच्या. वाचनालयात दर बुधवारी दृष्टिहीन वाचकांचा एक गट जमतो. त्यांच्यापैकी एका बाईंनी मागच्या प्रदर्शनात विचारलं होतं, "काचेच्या आत काय आहे ते आम्हाला कोण सांगणार?" हे काम तिथून सुरू झालं.

पदकं माझी नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर अमेरिकन संग्राहकांची आहेत. मी त्यांना आजोबा म्हणते.

पहिलं पदक १८५६ चं. अमेरिकी आरमाराच्या कमोडोर मॅथ्यू पेरीने १८५४ मध्ये जपानशी तह केला म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ते त्याच्यासाठी पाडून घेतलं. पेरीला सोन्याचं दिलं. आजोबांकडे त्याच ठशातलं ब्रॉन्झचं आहे, व्यास सुमारे ६४ मिलिमीटर. ठसा कोरणारा बोस्टनचाच, फ्रान्सिस मिचेल. पुढे पेरीचा चेहरा, मागे ओळींवर ओळी मजकूर.

दुसरं १८६० चं, जपानची पहिली वकिलात, म्हणजे राजदूतांचं शिष्टमंडळ, अमेरिकेत आली तेव्हाचं. इथल्याच, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं, अँथनी पॅकेटने कोरलेलं. ७६ मिलिमीटरचं, चांगलं तळहातभर. पुढे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन.

मी डेंटल टेक्निशियन. सांगलीत शिकले, गेली अकरा वर्षं इथल्या लॅबमध्ये कॅप, ब्रिज, कवळ्या करते. साचे घेणं हे रोजचं काम आहे, म्हणून १५० डॉलर आणि पाच शनिवार असा अंदाज बांधला. दोन्ही आकडे चुकले. पुढे कोणी हेच करायला घेतलं तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

१२ जानेवारी

मूळ पदकाला हात लावण्याआधी जुन्या बाजारातून ८ डॉलरचं एक ब्रॉन्झचं पदक आणलं. दातांचा साचा घेतो ते पातळ सिलिकॉन त्यावर ओतलं. साचा अप्रतिम निघाला, केसाएवढा ओरखडासुद्धा उतरला. पण पदक पाहिलं आणि पोटात गोळा आला. सिलिकॉन जिथवर पोचलं होतं तिथवर रंग काळपट, तेलकट झाला होता. कडेला तर तपकिरी थराचा एक पापुद्राच साच्याला चिकटून आला. स्पिरिटने पुसलं, कोमट पाण्याने धुतलं, डाग तसाच.

त्या काळी टांकसाळीत ब्रॉन्झच्या पदकांना मुद्दाम तपकिरी, महोगनी लाकडासारखा रंग चढवायचे. संग्राहक त्या रंगाला जपतात. तो गेला की पदकाची निम्मी किंमत गेली आणि परत आणायचा कुठलाही उपाय नाही. तेव्हा ठळक अक्षरात: मूळ पदकावर सिलिकॉन, प्लॅस्टर, चिकणमाती, काहीही लावायचं नाही. दुसरं काही सुचलं नाही तर काम सोडून द्यायचं, पण हे करायचं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

लॅबच्या मालकांनी तोंडात फिरवायचा स्कॅनर शनिवार-रविवारपुरता घरी न्यायची परवानगी दिली. त्याची कांडी वस्तूला न टेकवता दोन-चार मिलिमीटरवरून फिरवायची असते, त्यामुळे पदकाला धक्का नाही. आजोबांच्या जेवणाच्या टेबलावर फेल्ट अंथरलं, पदक ठेवलं.

चकाकणाऱ्या वस्तूवर स्कॅन नीट यावा म्हणून एक पांढरी भुकटी फवारतात. आजोबांनी डबी पाहिल्याबरोबर मान हलवली. "भुकटी नको. ती लागली की पुसावी लागते, आणि पुसलं की घासलं जातं." त्यांचं बरोबर होतं. सुदैवाने तपकिरी ब्रॉन्झ आरशासारखं चमकत नाही, भुकटीशिवाय काम भागलं.

चेहरा उत्तम आला. नाक, कान, केसांच्या बटा, सगळं. घोळ झाला तो चेहऱ्याभोवतीच्या मोकळ्या जागेत. हा स्कॅनर एकेक लहान तुकडा टिपतो आणि खुणा जुळवून तुकडे जोडत जातो. दाढांवर खळगे असतात, जुळवायला खुणा मिळतात. गुळगुळीत सपाट जागेवर खूणच नाही, त्यामुळे प्रत्येक जोडाला थोडी थोडी चूक साठत गेली. घरी येऊन फाइल उघडली तर पदक भाजलेल्या पापडासारखं एका कडेला उचललेलं. एका दिशेने व्यास ६४.९, दुसऱ्या दिशेने ६३.५. चार तास वाया.

२५ जानेवारी, शनिवार

तोडगा लॅबच्याच खणात सापडला. एका सपाट ट्रेवर मेणाने कवळीचे ॲक्रिलिकचे दात गोलाकार चिकटवले, एकूण अठ्ठावीस. मधोमध फेल्ट, त्यावर पदक, दात आणि पदक यांच्यात बोटभर अंतर. आता कांडी मोकळ्या जागेवर असली तरी तिच्या नजरेत एका बाजूला दात किंवा दुसऱ्या बाजूला चेहऱ्याची कड सतत राहते, खूण हरवत नाही. सुरुवात दातांच्या कड्यापासून करायची, पूर्ण फेरी मारायची, मगच आत शिरायचं.

पेरीचं पदक दुसऱ्या फेरीत बसलं. वकिलातीचं मोठं आहे, त्याला पाच फेऱ्या लागल्या. कॅलिपरने ताडून पाहिलं, दोन्हींत चूक ०.१५ मिलिमीटरच्या आत. मागची बाजू सोपी गेली, अक्षरांची दाटी आहे, खुणाच खुणा.

स्कॅन करताना मागचा मजकूर पहिल्यांदा एकेक अक्षर करून वाचला. पेरीचा हुद्दा, मग 'बोस्टनचे व्यापारी', मग जपानशी झालेल्या तहाबद्दल कृतज्ञता, 'योकु-हामा येथे ३१ मार्च'. शिवाय 'ल्यू च्यू'शी नापा इथे ११ जुलै १८५४ रोजी झालेला तह, म्हणजे आजच्या भाषेत र्‍यूक्यू बेटं आणि नाहा बंदर. योकोहामाचं नाव मधे रेघ मारून 'योकु-हामा' असं कोरलंय. तेव्हा ते एक लहानसं गाव होतं आणि बोस्टनमध्ये कानावर जसं पडलं तसं ठशात उतरलं.

३० जानेवारी

फलकाचा मजकूर लिहायला बसले आणि एका वाक्याशी अडले. 'जपानशी व्यापार सुरू करणारा तह' असं मी सहज लिहून गेले होते. ते चूक आहे. ३१ मार्च १८५४ च्या कानागावा तहाने शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं उघडली ती जहाजांना लाकूडफाटा, पाणी, अन्न, कोळसा मिळावा म्हणून, आणि फुटलेल्या गलबतांवरच्या खलाशांना नीट वागवलं जावं म्हणून. व्यापाऱ्याला दुकान थाटून माल विकायची मुभा त्यात नव्हती. ती मिळाली २९ जुलै १८५८ च्या तहाने, आणि तो केला टाउनसेंड हॅरिसने. हॅरिस स्वतः न्यूयॉर्कचा व्यापारी, शिमोद्याला अमेरिकेचा राजकीय प्रतिनिधी म्हणून दोन वर्षं चिकाटीने बसून त्याने तो पदरात पाडून घेतला. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी सोन्याचं पदक दिलं ते अर्ध्याच उघडलेल्या दाराबद्दल. पुढचं सगळं येईल या भरवशावर. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनीही पेरीला चांदीची ३८१ नगांची भांडी दिली होती, म्हणजे हा भरवसा एकट्या बोस्टनचा नव्हता.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पदकावरची अक्षरं वाचून कोणीही समजेल की १८५४ ला काम फत्ते झालं. फलकावर तारखा सुट्या करून लिहिल्या.

२ फेब्रुवारी

पहिली छपाई. थ्रीडी प्रिंटरचं रेझिन ४२ डॉलर. घाईत पदक आडवं ठेवून छापलं, चाळीस मिनिटांत झालं. पेरीच्या गालावर नकाशातल्या डोंगरासारख्या गोल गोल रेषा. उठाव इतका कमी आहे की प्रत्येक थर पायरीसारखा दिसतो, आणि बोटाला तर डोळ्यांपेक्षा जास्त कळतो. पुन्हा, या खेपेला जवळजवळ उभं, किंचित कललेलं, थराची जाडी निम्मी. सात तास लागले, रात्रभर चालू ठेवलं. रेषा गेल्या. आधाराचे खुंट सगळे कडेवर घेतले, ते कानशीने घासले.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस पूर्ण पाण्यात. छापलेल्या पदकावर नवं सिलिकॉन ओतलं, ३४ डॉलरची जोडबाटली, अर्धी वापरली. सहा तासांनी वरून घट्ट, आत पदकाला लागून मधासारखं चिकट. मला वाटलं हातमोजे. लॅटेक्सच्या मोज्यातल्या गंधकाने असं सिलिकॉन आवळत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मोजे बदलले, उरलेलं अर्धं ओतलं. पुन्हा चिकट.

दोष रेझिनचा होता. न सुकलेलं प्रिंटरचं रेझिन अगदी कणभर जरी पृष्ठभागावर राहिलं तरी प्लॅटिनमवर आवळणारं सिलिकॉन तिथे आवळत नाही. रोज दातांचे मॉडेल छापून त्यावर काम करतो आम्ही, पण त्यावर सिलिकॉन ओतायची वेळ येत नाही, म्हणून हे मला माहीत नव्हतं. पदकाच्या मागे एक थेंब टाकून आधी बघितलं असतं तर ३४ डॉलर आणि एक शनिवार वाचला असता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रिंट अल्कोहोलमध्ये पुन्हा धुतले, दिव्याखाली दुप्पट वेळ ठेवले, मग ६० अंशांवर सहा तास. सिलिकॉन बदललं, कथलाच्या क्षारावर आवळणारं घेतलं, ३८ डॉलर. आधी थेंब टाकून पाहिला, आवळला. मगच ओतलं. चारही साचे स्वच्छ निघाले.

त्यात घालायची ब्रॉन्झची भुकटी आली होती ती निघाली अभ्रकाची, नुसती सोनेरी चमक. २४ डॉलर गेले, विक्रेत्याने परत घेतली नाही. ओळख सोपी आहे: खरी धातूची भुकटी हाताला जड आणि गार लागते, डबी उचलल्याबरोबर कळतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खरी भुकटी २९ डॉलर, ओतायचं रेझिन ३१. कोरडी भुकटी मऊ ब्रशने साच्यात फिरवायची, जास्तीची झटकायची, मग भुकटी कालवलेलं रेझिन व्हायब्रेटरवर ठेवून एका कडेने सोडायचं, बुडबुडे दुसऱ्या कडेने वर येतात. निघाल्यावर अगदी बारीक स्टील वूलने घासलं की वरची भुकटी उघडी पडते आणि खरी धातू चमकायला लागते. खोलगट जागी तपकिरी बूट-पॉलिश.

पण हातात घेतल्यावर हलकं. पदक म्हणजे वजन. बिस्किटासारखं हलकं पदक कोणाच्या हातात देण्यात अर्थ नाही. म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगळी, पातळ ओतली आणि मधे पोलादी चकती घालून चिकटवली. चकत्या ११ डॉलर. जुन्या काळी विजेच्या साहाय्याने तांब्याच्या दोन टरफलांच्या प्रतिकृती करायचे, त्यांच्या पोटात शिसं भरायचे, कडेला सांधा दिसायचा. तीच रीत, फक्त शिसं नको, मुलं हाताळणार आहेत.

पहिला जोड वाकडा बसला, मागचा मजकूर पुढच्या चेहऱ्याशी तिरका. फोडता येईना, टाकून दिला. आता दोन्ही टरफलांच्या आतल्या बाजूला बाणाची खूण छापते.

१ मार्च

आजोबांना तयार प्रत दाखवली. बराच वेळ खिडकीशी धरून पाहिली, भिंग लावलं, मग विचारलं, "नक्कल असं कुठे लिहिलंयस?" लिहिलं नव्हतं. इथे १९७३ पासून कायदा आहे, नाण्यांच्या आणि स्मरणपदकांच्या नकलांवर 'कॉपी' हा शब्द कायमचा, खोल उमटवावा लागतो. मी विकणार नाही हे खरं, पण वस्तू माझ्यापेक्षा जास्त जगेल. उद्या कोणाच्या खणात सापडली तर कोण सांगणार? फाइलमध्येच मागच्या बाजूला शब्द खोल कोरला, प्रिंट, साचे, ओतकाम, सगळं पुन्हा. आधीच्या चार प्रती फोडून टाकल्या. साहित्य उरलेलं होतं म्हणून खर्च वाढला नाही, आठवडा मात्र गेला.

२ मार्च

तिसरं पदक ठेवायचा विचार आज सोडला. १९०९ मध्ये जपानी उद्योगपती शिबुसावा एइइची तिथल्या व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेत आले, १ सप्टेंबरला सिॲटलला उतरले, खास आगगाडीने तीन महिने शहरोशहरी फिरले. त्या दौऱ्याची पदकं माझ्या हाताशी नाहीत आणि फोटोवरून प्रतिकृती करायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. वाईट वाटलं, कारण हेच शिबुसावा जमशेटजी टाटांच्या बरोबरीने मुंबई-कोबे कापसाची बोटवाहतूक उभी करायला झटले होते. नोव्हेंबर १८९३ मध्ये कोब्याहून मुंबईला पहिली जपानी बोट निघाली ती त्यातूनच. फलकावर दोन ओळी ठेवल्या.

मोकळ्या झालेल्या जागेत काय ठेवायचं ते मात्र ठरलं आहे. तराजू.

८ मार्च, शनिवार

वकिलातीच्या पदकावर लिहिलंय ते एवढंच: जपानहून आलेल्या पहिल्या वकिलातीच्या स्मरणार्थ. ती मंडळी इथे नक्की काय करत होती ते त्यावर नाही. शिम्मी मासाओकी, मुरागाकी नोरिमासा आणि ओगुरी तादामासा हे तिघे प्रमुख, सगळे मिळून ७७ जण. वॉशिंग्टनला १८५८ च्या तहाच्या प्रतींची अदलाबदल झाली आणि जूनमध्ये ते फिलाडेल्फियाला आले. इथे ओगुरी टांकसाळीत गेले ते पाहुणचार घ्यायला नव्हे, आपला कोबान, म्हणजे जपानी सोन्याचं नाणं, आणि अमेरिकेचा सोन्याचा डॉलर यांचा कस ताडून बघायला. बरोबर स्वतःचा तराजू आणि मणी सरकवून हिशोब करायची मणिचौकट. इथल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे नाण्याचा लहानसा तुकडा काढून कस दाखवला. ओगुरींनी आग्रह धरला: पूर्ण नाणं कसाला लावा. सगळं होईपर्यंत ते आणि त्यांची माणसं तिथून हलली नाहीत.

माझे मामा सांगलीला सराफ कट्ट्यावर चाळीस वर्षं बसले. त्यांना फोनवर हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "अगं मग बरोबरच आहे त्याचं. तुकड्यावरून तुकड्याचा कस कळतो, नाण्याचा नाही. सोनं आणि चांदी एकत्र ओतली की सगळीकडे सारखी बसते असं नाही." मग थोडं थांबून, "त्याला कोणीतरी बुडवलेलं दिसतंय."

मामांनी एका वाक्यात गाठलं. १८५८ च्या तहात कलम होतं की परकी नाणं जपानी नाण्याशी वजनास वजन बदलायचं, चांदीला चांदी, सोन्याला सोनं. ऐकायला न्याय्य. पण जपानात सोनं-चांदीचं प्रमाण साधारण एकास पाच, बाहेरच्या जगात एकास पंधरा-सोळा. १८५९ च्या जुलैत योकोहामा उघडलं. परदेशी व्यापारी चांदीचे चार मेक्सिकन डॉलर द्यायचा, त्याला बारा इचिबू, म्हणजे जपानी चांदीची नाणी, मिळायची. चार इचिबूला एक कोबान, म्हणजे तीन कोबान सोनं. ते शांघायला नेऊन विकलं की बाराच्या आसपास डॉलर. चाराचे बारा, आणि कायद्याला धरून. कोबान बोटी भरभरून बाहेर गेले. शेवटी १८६० मध्ये जपानी सरकारला कोबान अकरा ग्रॅमवरून सव्वातीन ग्रॅमवर आणावा लागला, आणि महागाई सोसली तिथल्या गरिबांनी.

टांकसाळीतला तो तराजू कुठल्याच पदकावर नाही. म्हणून तो टेबलावर हवा.

१५ मार्च, शनिवार

सोनाराचा लहान पितळी तराजू ४४ डॉलर, बिनशिशाचं कथील ३६. नाणी कथलाची ओतायची: डॉलर २७ ग्रॅमचे चार, इचिबू ८.६ ग्रॅमचे बारा, कोबान ११.२ ग्रॅमचे तीन.

पहिली अडचण: कथील चांदीपेक्षा बरंच हलकं. आकार खरा ठेवला तर वजन खोटं, वजन खरं ठेवलं तर नाणं जाड. तराजूवर ठेवायचं आहे तर वजन खरं हवं. लांबी-रुंदी खरी ठेवली, जाडी वाढू दिली, आणि फलकावर तसं लिहिलं.

दुसरी, माझ्या निष्काळजीपणाची. साचे डेंटल स्टोनचे, म्हणजे दातांच्या कामातल्या कडक प्लॅस्टरचे केले आणि एकच दिवस वाळवले. वरून कोरडे ठणठणीत, पोटात पाणी. वितळलेलं कथील पडलं तशी आतल्या पाण्याची वाफ झाली आणि धातू उसळून बाहेर आला. बाहीला भोक पडलं, मनगटावर तांदळाएवढा भाजल्याचा डाग. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. साचे १२० अंशांवर चार तास ठेवल्याशिवाय धातू ओतायची नाही. लेकीला या कामात घेतलं नव्हतं ते बरं केलं.

दुसऱ्या खेपेला सगळी नाणी निघाली. प्रत्येक जरा जड ओतलं आणि कानशीने उतरवत वजनावर आणलं. एकोणीस नाण्यांना अख्खा रविवार गेला.

२२ मार्च, शनिवार

रंगीत तालीम. फलकावर सोन्या-चांदीचं प्रमाण समजावणारा तीनशे शब्दांचा मजकूर होता. लेकीने अर्धा वाचला आणि म्हणाली, "आई, मला खेळूनच दाखव ना." मजकूर काढून टाकला. आता टेबलावर तीन रंगीत फेल्टचे चौकोन आहेत: योकोहामा, पुन्हा योकोहामा, शांघाय. पहिल्यावर डॉलर देऊन वजनाने इचिबू घ्यायचे, दुसऱ्यावर इचिबू मोजून कोबान घ्यायचे, तिसऱ्यावर कोबान देऊन डॉलर. लेक दोन फेऱ्या खेळली. तिसऱ्या फेरीला शांघायच्या पेटीतले डॉलर संपले आणि ती थबकली. "पण मग जपानकडे काय राहिलं?" फेल्ट आणि चौकट २२ डॉलर. शांघायच्या पेटीसाठी आणखी आठ डॉलर उरलेल्या कथलातून ओतावे लागले.

२९ मार्च, शनिवार

मांडलं. आजोबा स्वतः मूळ पदकं घेऊन आले, कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. दिवसभरात पेरीची प्रत तीन वेळा जमिनीवर पडली, एकदा कड टवकली. घरी दोन जादा प्रती आहेत. त्या करून ठेवाव्यातच.

आतापर्यंतचा खर्च ३१९ डॉलर. शनिवार पाच नाही, अकरा.

२ एप्रिल, बुधवार

वाचकगट आला. ज्या बाईंनी मागे प्रश्न विचारला होता त्या पहिल्या. पेरीच्या कपाळावरून नाक, ओठ, हनुवटी असं बोट हळूहळू फिरवलं, केसांपाशी थांबल्या, "कुरळे," म्हणाल्या. मग मागची बाजू. तिथे बोट नुसतं फिरत राहिलं. "खूप काहीतरी लिहिलंय, पण लागत नाही."

मला हे आधी कळायला हवं होतं. पेरीच्या पदकावरची अक्षरं डोळ्याला सुबक आहेत, बोटाला मात्र ती वाळूसारखी खरखर. ज्यांच्यासाठी प्रतिकृती केल्या त्यांच्यापैकी एकाही माणसाला पहिली प्रत दाखवून विचारलं नव्हतं. आज रात्री मागची बाजू तुकड्यांत मोठी करून छापायला लावली आहे, ओळीओळीच्या पट्ट्या, अक्षर १२ मिलिमीटर उंच. खाली ब्रेल, ती मजकूर-पट्टी वाचनालयातल्या बाईंनी तपासून दिली.

९ एप्रिल, बुधवार

पट्ट्या लागल्या. प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाईंनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, 'वाय, ओ, के, यू', मग रेघेवर बोट अडलं. "हे दोन शब्द आहेत का?" मी सांगितलं की एकच गावाचं नाव आहे, तेव्हा असं कोरलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

मग तराजूपाशी नेलं. एका पारड्यात डॉलर, दुसऱ्यात त्यांनी स्वतः तीन इचिबू ठेवले, एक एक करून, आणि दांडीच्या दोन्ही टोकांना खालून तर्जनी लावली. मी म्हणणार होते की पारडी सारखी झाली. गेले दहा दिवस सगळ्यांना तेच सांगत होते. त्या म्हणाल्या, "सारखी नाहीत. डॉलरची बाजू जराशी खाली आहे."

खरंच आहे. २७ ग्रॅम आणि २५.८ ग्रॅम. योकोहामात डॉलरला सरळ तीन इचिबू नव्हते मिळत, शंभर डॉलरला ३११ मिळायचे. तो फरक याच वजनाचा. हिशोब सोपा राहावा म्हणून मी तो फलकावर घेतलाच नव्हता. संध्याकाळी ३११ चा आकडा कापून, ब्रेलच्या ओळीसकट, तराजूच्या पायाशी चिकटवला.